चौकातला पिवळा ड्रेस

मैत्री रहाटणी गावातल्या घरात आली तेव्हा रोज सकाळी कोणी उठायच्या आत तिच्या अंथरुणाची घडी झालेली असे. चादर चौकोनी, तिच्यावर उशी, उशीवर बंद बांधलेली कापडी पिशवी. उठ म्हटलं की निघायला तयार.

जयमालाला ती घडी ओळखीची होती. आई गेल्यावर ती स्वतः माण गावी मामाच्या घरी वाढली आणि लग्न होईपर्यंत अशीच घडी घालत आली. मामी काही वाईट नव्हती, पण दुसऱ्याच्या घरात अंथरूण पसरून ठेवायला जो हक्क लागतो तो तिच्या अंगी कधी आला नाही. म्हणून ती पोरीला काही बोलली नाही. गणपती झाले, घट बसले आणि उठले. मग एका सकाळी मैत्री शाळेला निघून गेली आणि मागे चादरीचा बोळा तसाच पडलेला राहिला, उशी फरशीवर. जयमालाने तो दुपारपर्यंत आवरला नाही. येता-जाता बघत राहिली. नवरा, दादासाहेब, म्हणाले, “पसारा किती पडलाय!” ती म्हणाली, “पडू द्या.”

मैत्री त्यांची मुलगी नव्हती, दत्तकही नव्हती. या नवराबायकोला मूल नव्हतं. शेत इमारतींखाली गेलं होतं, खोल्यांचं भाडं येत होतं, आणि घर दिवसभर गप्प असायचं. बालकल्याण समितीने त्यांची सगळी चौकशी करून दहा वर्षांची ही पोर सांभाळायला दिली. तिचा बाप किसन मराठवाड्यातून चाकणला कामाला आलेला. त्याने बायकोला मारलं ते जिवानिशी, आणि दाराआडून ते एकट्या मैत्रीने पाहिलं. कोर्टात तिची साक्ष व्हायची होती. किसन जामिनावर सुटला होता.

समितीच्या दीपमाला मॅडमनी पहिल्याच दिवशी ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं, “हिचा फोटो कुठे जाता कामा नये. व्हॉट्सॲपला नाही, नातेवाइकांना नाही. तो हिला शोधतोय. साक्षीच्या आधी त्याला सापडली, तर ही तोंड उघडणार नाही, किंवा उघडायला उरणार नाही.”

“आमच्या घरातनं काय जात न्हाई, मॅडम,” दादासाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले होते.

दिवाळीनंतर काही दिवसांनी अंथरुणाची घडी पुन्हा दिसायला लागली. चौकोनी चादर, उशी, पिशवी.

“शाळेत कोण काय बोललं का?”

“नाही.”

“मग माझं काय चुकलं का?”

मैत्रीने तिच्याकडे पाहिलं आणि बूट घालायला घेतले. ते पाहणं जयमालाला दिवसभर पुरलं. पोर घाबरलेली असती तर कळलं असतं. ही तर तिच्याकडे लांबून पाहत होती, बसमधल्या अनोळखी बाईकडे पाहावं तशी.

दुसऱ्या दिवशी गिरणीत शालनबाईने दळण हातात देताना विचारलं, “काय गं, तुमच्या पोरीचे कोण गाववाले आलते का? एक माणूस इचारत होता, बॅनरवरची पोर कुठं ऱ्हाती म्हणून. मी म्हटलं, त्या पलीकडल्या गल्लीत.”

“कुठला बॅनर?”

“आगं बया! चौकात लागलाय की. तुझ्या दिराचा वाढदिवस, आणि तुलाच म्हाईत न्हाई व्हय?”

जयमालाचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती चौकाकडे फारशी जात नसे. दळण तिथेच ठेवून ती निघाली.

बॅनर दुमजली होता. धाकटा दीर जयदीप, डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन. महापालिकेची निवडणूक तोंडावर आल्यापासून त्याचे असे बॅनर वर्षातून चार वेळा लागत, त्याचं कोणाला नवल नव्हतं. पण या खेपेला वर लिहिलं होतं ‘अनाथांचा आधार’, आणि त्याच्या खांद्याशी कापून चिकटवलेली मैत्री होती. पिवळ्या ड्रेसमधली, दात दाखवून हसणारी. खाली ‘कु. मैत्री व समस्त मित्रपरिवार’.

जयमालाने डोळे बारीक करून पाहिलं. पिवळ्या ड्रेसच्या खांद्यावरचं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. पाडव्याच्या सकाळी ते तुटलं, घरात पिवळा दोरा नव्हता, म्हणून तिने लाल घातला. “दिसतंय ना, काकू,” पोरगी कुरकुरली होती. “कुणाला दिसतंय,” असं म्हणून तिने तिला फोटोसाठी तुळशीपाशी उभं केलं होतं, हस म्हणाली होती. आता ते टाके बोटाएवढे जाड होऊन अख्ख्या चौकाला दिसत होते.

तो फोटो एकाच फोनमध्ये होता. दादासाहेबांच्या.

दादासाहेब पेपर वाचत बसले होते. तिने विचारल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

“जयदीपनं मागितला. पाठचा भाऊ हाय, न्हाई कसं म्हणू? चांगलंच लिव्हलंय की.”

“तुम्ही मॅडमना शब्द दिला होता.”

“आगं, चार दिसांनी उतरतोय तो. आमच्या खानदानात कुणाचं नाव बॅनरवर आलं तर मानच समजतात.”

“आणि मला सांगितलं नाही ते?”

“तू न्हाई म्हणाली असतीस म्हणून.”

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या ताटात ती वाढत आली होती, त्याने तिचं उत्तर आधीच ओळखलं होतं आणि बाजूला सारलं होतं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बाहेर एक किडकिडीत माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

“राम राम. पोरगी हितंच ऱ्हाती म्हनं. बॅनरवर बघितलं. लई मोठी झाली ओ.” तो हसला. मैत्रीच्या गालाला हसताना जशी खळी पडायची तशीच त्यालाही पडली. “तिला म्हनावं, पप्पा आलते.”

“इथं कोणी राहत नाही,” जयमाला म्हणाली.

किसनने दोरीवर वाळत घातलेल्या शाळेच्या गणवेशाकडे पाहिलं. पुडा फाटकाच्या खांबावर ठेवला. “असू द्या. शाळा सुटायची येळ झालीच की,” असं म्हणून तो चालू लागला.

जयमालाने चपलासुद्धा घातल्या नाहीत. समोरच्या रिक्षावाल्याला ओरडून थांबवलं, शाळा गाठली, बाईंना सांगून पोरीला मागच्या दाराने काढलं. रिक्षाचे दोन्ही पडदे खाली सोडून ती मैत्रीला मांडीशी दाबून बसली. पोर ताठ होती.

“तो आलाय ना?” मैत्रीने विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“बॅनर लागला तेव्हाच कळलं, येणार म्हणून.”

“मग मला का नाही सांगितलंस, बाळा?”

मैत्री पडद्याकडे पाहत म्हणाली, “तुम्हीच हसायला लावलं होतं ना फोटोत.”

घरी जयदीप येऊन बसला होता. “वहिनी, बॅनर आत्ता काढायला लावतो. पोरं पाठवलीत. पण हे मॅडमच्या कानावर कशाला? आता उमेदवारीच्या टायमाला उगीच बोभाटा.”

“भावजी, तुमची उमेदवारी गेली तर पुढच्या खेपेला येईल.”

“आणि पोरगी?” दादासाहेब मध्येच म्हणाले. आवाज मऊ होता, आणि तोच तिला जास्त लागला. “फोन केलास की तिला घेऊन जातील. तुझाच जीव तुटंल. गप ऱ्हा. आमी दोघं भाऊ हाय की, कोण हात लावतो बघू.”

खोटं नव्हतं ते. फोन केला की पोर जाणार होती. जयमालाने क्षणभर दाराच्या कडीकडे पाहिलं, खांबावरच्या पुड्याकडे पाहिलं, आणि फोन लावला.

दीपमाला मॅडम पोलीस घेऊन आल्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “फोटो दिला कोणी?”

दादासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती नव्हती. ती आपल्याला सांभाळून घेईल याची खात्री होती. मैत्री पिशवी पोटाशी धरून दारात उभी होती. तीही पाहत होती.

“माझ्या नवऱ्यानं,” जयमाला म्हणाली. “मला न विचारता. त्यांच्या भावासाठी.”

दादासाहेबांची मान खाली गेली. मैत्री दारातून हलली, जयमालाच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं. “मला वाटलं तुम्ही,” एवढंच म्हणाली.

गाडी फाटकाशी लागली तेव्हा जयमालाने विचारलं, “कुठं नेणार?”

“ते तुम्हाला सांगता येणार नाही, ताई,” दीपमाला मॅडम म्हणाल्या. “या घराला सांगता येणार नाही.”

मैत्रीने मूठ सोडली तेव्हा पदराला चुण्या पडल्या होत्या. गाडी वळेपर्यंत तिचा चेहरा मागच्या काचेला चिकटलेला होता. जयमाला तिच्याकडे बघून हसली. पोरगीही, अगदी थोडं.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब उठले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. जयमालाचं अंथरूण भिंतीशी होतं. चादर चौकोनी, तिच्यावर उशी. ती ओट्यापाशी चहा करत होती.

“आज लवकर आवरलंस,” ते म्हणाले.

तिने कप त्यांच्यासमोर ठेवला, पाहुण्यापुढे ठेवावा तसा बशीसकट, आणि स्वतःचा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली.