-lm आधी की नंतर

गोंदियाच्या एका कॉलेजात मी, टिकेश पटले, बारा वर्षं कॉम्प्युटरची सी भाषा शिकवली. शिकवली म्हणजे काय, एका झेरॉक्सची दुसरी झेरॉक्स काढली. पण रुबाब असा, की ही भाषा जणू आमच्याच घरी जन्मली!

सीमध्ये वर्गमूळ काढायचं, तर gcc या कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम चालण्याजोगा करून देणाऱ्याला, गणिताची लायब्ररी जोडायला सांगावं लागतं. त्यासाठी कमांडमध्ये -lm लिहायचं. कुठं लिहायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपलं लिहिलं gcc -lm, आणि त्यापुढं प्रोग्रामच्या फाइलचं नाव. चाललं. मग काय, झाला नियम! "देवाचं नाव आधी, काम मंग," असं मी वर्गात ठणकावून सांगायचो. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

कामठ्याच्या भूमेश्वरीनं नाही उतरवलं. २०११च्या प्रॅक्टिकलला तिनं -lm शेवटी लिहिलं. प्रोग्राम चालला, तरी मी म्हटलं, पद्धत चूक.

"सर, मॅन्युअलमंधी असंच देलं आहे," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. कालची पोरगी, अन् मला शिकवून राहिली? तोंडी परीक्षेत तिला असे प्रश्न विचारले, की उत्तरं मलाही आली नसती. केली नापास. आणि घरी जाऊन निर्लज्जासारखा पोटभर जेवलो. तिच्याबरोबरच्या मुली पुण्याला नोकरीला लागल्या. ही घरी बसली. पुन्हा नापास झाली तर शिक्षण बंद, असं घरच्यांनी तिला बजावलं होतं.

पुढच्या वर्षी लॅबमध्ये नवा लिनक्स टाकला. परीक्षक म्हणून नागपूरहून बाई आल्या. पोरांनी माझा नियम चालवला, आणि वीसच्या वीस स्क्रीनवर तेच रडगाणं: undefined reference to sqrt, म्हणजे वर्गमूळ कुठं सापडत नाही. मी आधी केबल हलवली. मग व्हायरस असेल म्हणालो. मग बिचाऱ्या वीज मंडळावर घसरलो. एकविसावी स्क्रीन तेवढी बरोबर चालत होती. ती पुन्हा परीक्षेला बसलेल्या भूमेश्वरीची.

बाईंनी तिलाच कारण विचारलं.

ती उभी राहिली. "मॅडम, पंगत बसलीच नाही अन् वाढणारा बुंदी घेऊन निंगून गेला, तसं होऊन राहिलं. फाइल आधी पाहिजे. ते मागते, मंग लायब्ररीतून भेटते. जुना लिनक्स बिनमागता वाढत होता, हा नाही वाढत."

बाई हसल्या. सगळ्यांना -lm शेवटी न्यायला सांगितलं आणि सगळ्यांचे प्रोग्राम चालले. मी तोवर छताचा पंखा न्याहाळत होतो.

परीक्षा आटोपल्यावर भूमेश्वरी लॅबच्या दाराशी थांबली होती.

"सर, मागल्या साली बी मी असंच लिहिलं होतं ना?"

"हो."

"मंग काऊन नापास केलात?"

खूप कारणं जिभेवर आली. पण निघालं ते भलतंच. "मलेच येत नव्हतं."

वाटलं, आता चिडेल, चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले.

"हे माझ्या आईले सांगा सर. सालभर मी सांगून राहिली, का मी बरोबर होती. ते म्हणते, सर कायले खोटं बोलतीन?"