भूमितीचा रकाना

काळाचौकीच्या आमच्या चाळीत मॅट्रिक झालेला पहिला मीच. वासरात लंगडी गाय शहाणी. कुणाच्या पोराने कुठले विषय घ्यावे, पुढे कुठे जावं, सगळे मला विचारायला येत आणि मीही बेधडक सांगे. मी स्वतः भूमितीत एकदा आपटून मग ऑक्टोबरात सुटलो होतो, एवढं मात्र कुणाला सांगत नसे.

माझ्या धाकट्या बहिणीचा सगळा जीव विजेच्या तारांत. चाळीतल्या बिघडलेल्या इस्त्र्या तिच्याकडे येत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, तेव्हा आमच्या गणपतीपुढे राज्याचा नकाशा केला होता. त्यातले दिवे एकामागून एक लागत आणि सगळ्यांत शेवटी मुंबईचा. ती जोडणी तिची. विजेचंच शिकायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं.

पुढच्या जूनमध्ये ती नववीत गेली आणि विषय निवडायची वेळ आली. बीजगणित-भूमिती नको असेल तर साधं अंकगणित घेता येई. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि मी मोर्च्याचे फलक रंगवत बसलो होतो.

"दादा, भूमितीच लिहितोस ना?" तिने विचारलं.

"अंकगणितात ऐंशी पडतील तुला. टक्के वाढले की कुठेही घेतील. भूमितीत आपटलीस तर काय करशील?"

तिने आईकडे पाहिलं. "दादाक इचार. तो शिकलेलो आसा," आई म्हणाली. बोटांचा रंग पुसून मी अंकगणित लिहिलं. तिच्या रकान्यात मी माझी भीती भरतोय, हे तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं, कोण जाणे.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्याच वर्षी जूनमध्ये ती मॅट्रिक झाली. अंकगणितात ब्याऐंशी. पेढे वाटून मी तिला ऐटीत विजेचा डिप्लोमा देणाऱ्या संस्थेत घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने गुणपत्रिका पाहिली आणि परत सरकवली.

"भूमिती नाही? मग इथं अर्जच घेता येत नाही."

परळपर्यंत आम्ही चालत आलो. तिथे ती म्हणाली, "चल दादा, आई वाट बघत असेल." ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुन्हा परीक्षेला बसता आलं असतं. पण गिरणीतून दमून आलेले वडील म्हणाले, "पास झालेल्या पोरीला परत कोण बसवतं?" मोर्च्यांत घसा बसेपर्यंत ओरडणारा मी त्यांच्यापुढे गप्प राहिलो. याची लाज मला अजून वाटते. दोन वर्षांत तिचं लग्न झालं.

पुढे तिची मुलगी आठवीत जायची होती, तेव्हा एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. टेक्निकल घ्यायचं की संस्कृत, असा शाळेचा फॉर्म टेबलावर पडला होता. सवयीने मी खिशातलं पेन काढलं.

बहिणीने फॉर्म माझ्यापुढून हळूच ओढून घेतला.

"दादा, तू चहा घे," ती म्हणाली. "हा मी भरते."