शहाण्णव पोरं मागं

गरम झेरॉक्सचा वास आला की विद्यापीठाच्या गेटसमोरचं दुकान आठवतं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला होता आणि मी तिथं फीवाढीविरुद्धची पत्रकं काढून घेत होतो. शेजारी खुलताबादचे एक टेलरचाचा लेकीच्या निकालाचा कागद धरून उभे होते. "दोनशेत एकशे चार! वर्षभर क्लास लावून हे? चल घरी, फॉर्म-बिर्म भरायचा नाय." पोरगी रडवेली झाली. "अब्बा, पर्सेंटाइल शहाण्णव आहे!" पण ते म्हणजे काय, हे तिलाही सांगता येईना. कागदावर सगळं इंग्रजी, समजावणारी एक ओळ नाही! माझं डोकं सणकलं. मी व्यवस्थेवर भाषणच सुरू केलं, तर चाचा म्हणाले, "बेटा, चिल्लाव नको, समजावून सांग." मग मी पत्रकाच्या पाठीवर रेघ ओढली. "शंभर पोरं मार्कांप्रमाणं ओळीत उभी केली, तर शहाण्णव हिच्या मागं. पेपरच अवघड होता, चाचा." त्यांनी रेघेवर बोट फिरवलं. "मग लई पुढं आहे की ही!" म्हणत लेकीला घेऊन दुकानातल्याच फॉर्म भरायच्या रांगेत उभे राहिले आणि पाच मिनिटांत पुढच्या दोन बापांना पर्सेंटाइल समजावू लागले. तेव्हापासून मी कितीतरी भाषणं ठोकलीत, पण माझं बोलणं इतक्या झटपट रांगेत पसरलेलं पुन्हा पाहिलं नाही.