त्या सह्या द्वारकामावशीनं विकल्या नव्हत्या

भावाचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये मिठाच्या पिशव्या शिवत होते. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आले. अंकुशनं आधी यंदा ऊस कसा लोळलाय, थंडी किती आहे, बैलाचा खूर कसा सुजलाय ते सगळं सांगितलं. मग म्हणाला, "अन् हां, द्वारकामावशी गेली. परवा." मी विचारलं, गावात कोण होतं मग? "कोण असणार. समदे तोडीला आलेत. म्हातारी माणसं होती चार-दोन. ट्रॅक्टरात ठिवून नेलं म्हणं. रस्ता चांगला हाय ना आता, सोपं पडलं." ... तो रस्ता होऊ नये म्हणून मावशीनं अख्खं गाव गोळा केलं होतं. त्याच रस्त्यानं तिला नेलं आणि माझ्या भावाला ते सोयीचं वाटलं. मी "बरं" म्हणाले आणि परत मशीनवर जाऊन बसले. त्याला आता दीड महिना झाला.

तुमच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांविषयी लिहितात, ते मी इकडं कच्छात फोनवर वाचत असते. ते शिकलेले लोक असतात. माझी शाळा सातवीत सुटली. चार वेळा लिहिलं आणि फाडलं, कारण हे छापून आलं तर गावात कुणीतरी पारावर वाचून दाखवणार आणि माझं माहेर त्याच गावात आहे. पण मी लिहिलं नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही, कारण खरं काय ते दोघींनाच माहीत होतं आणि त्यातली एक गेली.

द्वारकामावशी माझी सख्खी मावशी नव्हती. नेकनूरच्या पुढं, बीडच्या गाडीतून उतरून बरंच चालत गेलं की आमचं गाव. दिवाळी झाली की निम्म्याच्या वर गाव ऊस तोडायला कारखान्यांकडं जातं. मावशी तरुणपणी जायची. एका फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना पडली, पाय मोडला, तो वाकडाच बसला. नवरा आधीच गेलेला, लेकरू नाही. मग ती गावातच राहायला लागली आणि हळूहळू जाणाऱ्यांच्या घरांची राखणदार झाली. निघायच्या दिवशी सकाळी प्रत्येक घरची बाई कुलूप लावून किल्ली मावशीकडं आणून द्यायची. मावशीनं भिंतीला खिळे ठोकले होते, प्रत्येक घराचा खिळा ठरलेला. वाचता येत नव्हतं पण कुठली किल्ली कुणाची हे तिला कधी विचारावं लागलं नाही. किल्ली घेताना म्हणायची, "भाडं?" भाडं म्हणजे एक हंडा पाणी, गायरानातल्या एका झाडाला. बायका कुरकुर करायच्या. "ट्रक वाजायलाय मावशे, कुठं हंडे न्यायला लावती." तर ही म्हणायची, "मग किल्ली संगं घिऊन जा, फडात कुलूप लाव उसाला." हसत हसत बायका हंडा नेऊन ओतायच्या.

ते गायरान म्हणजे गावाच्या उत्तरेचा पडीक तुकडा. मी लहान असताना तिथं नुसता मुरूम आणि तरवडाची झुडपं होती. रोजगार हमीत खड्डे झाले, लिंब आणि करंज लावले, मग योजना संपली आणि साहेब यायचे थांबले. पाणी घालणं थांबलं नाही, कारण मावशी थांबली नाही. एका दुष्काळात तिनं भांडी विसळलेलं पाणी सुद्धा तिकडं नेलं. पुढं ती झाडं एवढी झाली की भर उन्हाळ्यात दुपारी सगळी गुरं, म्हातारी माणसं, बाळंतिणी लेकरांना घेऊन तिथंच. आमच्याकडं उन्हाळा कसा असतो ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

मी दुसरीत असताना आई-बाप मला फडावर न्यायला निघाले, धाकट्याला सांभाळायला. मावशी म्हणाली, पोरगी माझ्याजवळ राहील. आई म्हणाली, आणि खाईल काय? मावशी म्हणाली, "मी खाती तेच खाईल, मी काय माती खाती का." अशी मी पाच हंगाम तिच्याकडं राहिले. सातवीत मात्र वडलांनी ऐकलं नाही. मावशी त्यांच्याशी घसा बसेस्तोवर भांडली, मग आठ दिवस बोलली नाही. पण आज मी चार ओळी लिहू शकते, इथं शेडमधल्या बायकांचे फॉर्म भरून देते, ते तिच्या त्या पाच वर्षांमुळं. तिचं हे उपकाराचं अक्षर ऐन वेळी तिच्याच कामी आलं नाही, असं मला वाटत राहतं. कसं ते आता सांगते.

तीन-चार वर्षांमागं गावात बातमी आली की गायरानातून रस्ता काढायचाय, थेट हायवेला. पलीकडं आमच्या उपसरपंचानं प्लॉट पाडले होते, त्यांना रस्ता नव्हता. जुनी गाडीवाट होती, ती रुंद केली असती तरी चाललं असतं, पण ती लांबून जात होती. पारावर बैठक झाली तेव्हा हाच उपसरपंच सगळ्यांसमोर बोलला, की गायरानाला हात लावू देणार नाही, मी स्वतः हरकत घेतो. लोकांनी मान डोलावली. मावशी सुद्धा खूश झाली.

मग तालुक्याहून नोटीस आली, आठ दिवसांत हरकती द्या. आणि दोन दिवसांनी ऊसतोडीच्या टोळ्या निघणार होत्या. मावशीनं कुणाच्या तरी फोनवरून मला लावला. माझी जेवणाची सुट्टी संपत आली होती, सुपरवायझर दारात उभा होता. ती म्हणाली, "मंगल, गाड्या परवा भरायल्यात. लोकं हायेत तवर लिहून घ्यायचंय, अन् लिहिणारं कुणीच न्हाई गं. काय करू?" मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मावशी, कोऱ्या कागदावर खाली सह्या-अंगठे घेऊन ठेव. वरचा मजकूर मी लिहून पाठवते, तो कुणाकडून तरी उतरवून घे." यात काही वावगं आहे असं मला वाटलं सुद्धा नाही. आमच्याकडं हे असंच चालतं. माणूस सहा महिने गावात नसतो, त्यामुळं पीक विमा असो, रेशन असो, घरकुल असो, जाताना कोऱ्यावर अंगठा ठेवून जायचं. मुकादम म्हणजे टोळी नेणारा माणूस, तो पण कोऱ्यावरच घेतो. मावशीनं दोन दिवस वाकडा पाय ओढत घरोघर जाऊन सह्या घेतल्या. त्या वर्षी किल्लीबरोबर तेच भाडं.

मला मजकूर त्याच दिवशी पाठवायचा होता. पोरगा तापानं फणफणला, दोन पाळ्या करायला लागल्या ... पाचव्या दिवशी लिहून पाठवला. तोवर उपसरपंच मावशीच्या दारात येऊन गेला होता. "मावशी, मुदत संपायली. माझ्याकडं लिहायला माणूस हाय, आजच तालुक्याला जमा करतो." पारावर बोललेला माणूस. मावशीनं कागद दिले, वर चहा पाजला.

फाल्गुनात माणसं परत आली तेव्हा गायरानात बुंधे होते आणि मधून मुरूम पसरलेला. दहा-बारा गडी तालुक्याला गेले. तिथल्या माणसानं फाइल काढून समोर ठेवली. वर कॉम्प्युटरवर छापलेलं, की सदर रस्त्यास व झाडे काढण्यास आमची हरकत नाही, आणि खाली यांच्याच सह्या, यांचेच अंगठे. खोट्या म्हणायची सोय नव्हती. परत येताना सगळ्यांनी ठरवलं असेल की आता कुणाला तरी धरायचं. उपसरपंचाला कुणी धरलं नाही. गावच्या दोन्ही टोळ्या त्याच्या मेव्हण्याच्या आहेत, पुढच्या वर्षी कोयता कुणाकडं न्यायचा? सगळे मावशीच्या दारात गेले.

बोलला माझा भाऊ. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं, अभिमानानं. "म्हणलं, मावशे, किती घेतले? समद्यांसमोर सुनावलं." मी विचारलं, मग ती काय म्हणाली? "काय म्हणती. म्हणली, कोऱ्यावर घ्यायचं मीच ठरवलं, चूक माझी हाय. कबूलच केलं की." मी म्हणाले, हो का. एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला फोन लावला, शेजारणीच्या नंबरवर. म्हणाले, मी अंकुशला सांगते, मीच तसं करायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "कावून? तुला माहेर एकच हाय. तुझा भाऊ तुला दिवाळीला आणायचा न्हाई. माझं काय, मला कुठं जायचंय." मग म्हणाली, "अन् सांगून झाडं उगवणारेत व्हय?" मी तिचं ऐकलं. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. पुढच्या दिवाळीला भाऊ न्यायला आला, नवी साडी घेतली, मी नेसले.

त्याच दिवाळीनंतर मावशीकडं एकही किल्ली आली नाही. कुणी येऊन सांगितलं पण नाही. गाड्या भरल्या, गेल्या. आता किल्ल्या कुठं ठेवता, असं मी भावाला विचारलं, तर म्हणाला, उपसरपंचाच्या वाड्यावर. "त्येच्याकडं कॅमेरे हायेत ना." ...हे ऐकून मी हसले होते. असं हसू मला त्याआधी कधी आलं नव्हतं.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यात, भाचीच्या बारशाला गेले तेव्हा. भावजयीला गिरणीत जाते म्हणून सांगितलं आणि मावशीकडं गेले. चोरून जावं लागलं, हे पण लिहून ठेवते. ती निराधारच्या पगाराचा कागद घेऊन दारात बसली होती. तलाठ्याच्या माणसानं फॉर्म दिला होता, अंगठा करून दे म्हणाला होता. मी भरून दिला. तिनं माझ्या हातातला पेन घेतला आणि खाली जी कोरी जागा राहिली होती तिच्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. मग अंगठा केला. मी म्हणाले, मावशी, हे कुणी शिकवलं? "कुणी कशाला शिकवल. कोरं दिसलं की मी मारती रेघ. तो कचेरीतला बोंबलतो, म्हातारे कागद खराब केलास. म्हणलं, खराब तर खराब. दुसरा दे, त्येच्यावर बी मारती." आणि हसली. माझ्यावर तिनं एकदा पण राग धरला नाही. धरला असता तर मला बरं वाटलं असतं.

गावाला एवढंच सांगायचंय. कोऱ्या कागदावर सह्या घ्यायला मी सांगितलं होतं, आणि मजकूर पाठवायला उशीर मी केला. मावशीनं कुणाकडून काही घेतलं नाही. दिला तो फक्त चहा. अंकुश, तू हे ऐकत असशील तर दिवाळीला न्यायला नाही आलास तरी चालेल, पण तिच्या दारात बोललास ते चुकीचं होतं. मी गप्प बसले ते त्याहून चुकीचं होतं. आणि यंदा निघताना सुद्धा तुम्ही सगळे पीक विम्यासाठी कोऱ्यावर अंगठे ठेवून गेलात, त्याच वाड्यावर. हे तूच सांगितलंस मला, बैलाच्या खुराच्या आधी.

मागच्या आठवड्यात शेडचा ठेकेदार बदलला. नव्यानं सगळ्या बायकांना एकेक फॉर्म दिला, वर नाव, खाली सही, मधला अर्धा कागद रिकामा. म्हणाला, ते आम्ही भरून घेऊ. बायका भराभर सह्या करत होत्या. मी पेन घेतला, रिकाम्या जागेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि मग सही केली. तो हिंदीत ओरडला, हे काय केलं, कागद वाया घालवला. मी म्हणाले, आमच्या गावाकडं असंच करतात.

खोटं बोलले मी. आमच्या गावात असं एकच बाई करायची.