चार शब्दांचं भरतकाम

भुसावळला दिल्लीची गाडी जेमतेम दहा मिनिटं थांबली. तेवढ्या वेळात नानांनी माझी बॅग बर्थखाली सरकवली, साखळीने बांधली, किल्ली माझ्या खिशात टाकली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. नाना म्हणजे माझे वडील. भूमिअभिलेखच्या नोकरीत त्यांनी जन्मभर लोकांच्या शेतांची मोजणी केली, नकाशे काढले. "अधिकारी होऊनच ये, असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. गाडी हलली तशी दोन पावलं खिडकीबरोबर चालले आणि म्हणाले, "पण झालास तर बरं होईल." आई त्यांच्या मागे उभी होती.

तुम्हा गावकऱ्यांपैकी जे यावललाच राहिलात, त्यांना मी अधिकारी झालो नाही हे ठाऊक आहे. ते मी घरी कसं सांगितलं ते ठाऊक नाही. आणि जे माझ्यासारखे पुण्याला, बंगळुरूला, दुबईला गेलात, त्यांना एखादी गोष्ट घरी सांगायची राहून जाते म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

दिल्लीत मी मुनिरक्यात खोली घेतली. तिसरा मजला, जिना इतका अरुंद की गादी वर नेताना तिची घडी घालावी लागली. आजूबाजूच्या खोल्यांत सगळे स्पर्धा परीक्षांचे अभ्यासवाले. तीन वेळा परीक्षा दिली. तिसऱ्यांदा यादीत नाव नव्हतं, तेव्हा मी पुस्तकं खोक्यात भरली आणि इलेक्ट्रॉनिक्सची जुनी डिग्री बाहेर काढली. नोएडात गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे स्क्रीन तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. घरी मात्र काही बोललो नाही. दर रविवारी नाना फोनवर विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायचो, "चाललाय." असं वर्ष गेलं.

आता त्या ऑफिसबद्दल सांगतो, कारण तिथे मला जे दिसलं ते यावलला कुणाला सांगून पटलं नसतं. पहिल्याच दिवशी अनुजाने, माझ्या सीनियरने, मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. खाली एक स्क्रीन लावलेला होता, पूर्ण पांढरा. मी डोळा लावला आणि तिथे पांढरं काहीच नव्हतं. लाल, हिरव्या, निळ्या उभ्या पट्ट्या, एकीला एक लागून, रांगाच रांगा, नजर पोचेल तिथपर्यंत. डोळा काढला की पांढरं. पुन्हा लावला की तीन रंग. मी किती वेळ तसाच वर-खाली करत होतो कोण जाणे. शेवटी अनुजा म्हणाली, "चलो, आता कामाला लागू या?"

अनुजाच्या घरचे तीन पिढ्यांपासून दिल्लीत आहेत. तिचं मराठी हिंदीच्या अंगाने जातं. तिच्या टेबलावर छोट्या फ्रेममध्ये भरतकाम लावलेलं होतं: जुन्या व्हिडिओ गेममध्ये असतं तसं चौकोनी ठिपक्यांचं अंतराळयान, एक रोबो आणि अगदी मायक्रोस्कोपखाली दिसतात तशा तीन रंगांच्या पट्ट्या. "क्रॉस स्टिच आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हणजे फुल्यांचा टाका. माझी आई मॅटीच्या कापडावर करते. मोर, गुलाब, असं काहीबाही."

"फुल्या?" तिला शब्दच माहीत नव्हता. "यार, कसला क्यूट शब्द आहे. तुला येतं?"

येत होतं. लहानपणी तापात पडून असताना आईने शिकवलं होतं. शाळेतल्या मुलांना कळू नये म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दिल्लीत मला ओळखणारं होतं कोण? मी मॅटी, रिंग, दोऱ्याच्या लडी आणल्या आणि मेट्रोत बसून भरायला लागलो. मुनिरका ते नोएडा, मॅजेंटा लाइन, जागा मिळाली तर एका फेरीत दोन ओळी होतात. शेजारी बसलेल्या एका पंजाबी आजींनी एकदा न राहवून सांगितलं, "बेटा, धागा छोटा रखो, उलझेगा नहीं." खरंच गुंता थांबला.

यान झालं, रोबो झाला. मग अनुजाने सांगितलं की क्यूआर कोडही भरता येतो आणि तो फोनवर चालतो. मला ते पटेना. कापडावर सुईने काढलेले काळे चौकोन मशीनला वाचता येतील? "आणि लिंकच पाहिजे असं नाही," ती म्हणाली. "सरळ वाक्य घाल ना."

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर नानांना सांगायचं ते लिहायला बसलो. आधी लांबलचक लिहिलं: किती अभ्यास केला, कुठे कमी पडलो, तुम्हाला काय वाटेल. कोड इतका बारीक आणि दाट झाला की तो भरायला वर्ष लागलं असतं. देवनागरी अक्षरं कोडात इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतात. मी एकेक वाक्य कापत गेलो. कारणं गेली, माफी गेली. शेवटी उरलं ते एवढंच: परीक्षा सोडली. नोकरी करतो. सदतीस ओळी, ओळीत सदतीस चौकोन. एवढं भरणं मला जमणार होतं.

पाच आठवडे लागले. शेवटची फुली घालून पाहतो तर एका कोपऱ्यात दोन ओळी एक चौकोन सरकलेल्या. उसवायचं म्हणजे पाव कापड उसवायला लागणार. मी कात्री हातात घेतली, तेव्हा अनुजा म्हणाली, "पहले स्कॅन करके तो देख."

फोन धरला. क्षणभर काहीच नाही. मग स्क्रीनवर माझेच चार शब्द आले, मराठीत, काना-मात्रेसकट. अनुजाने समजावलं की हा कोड बनवणारे चुका होणार हे धरूनच चालले आहेत. थोडा भाग डागाळला, फाटला, चुकला, तरी उरलेल्यावरून मशीन तो भरून काढतं. कुणीतरी माझ्या चुकीसाठी आधीच जागा ठेवली होती. तीन वर्षं मी अशा परीक्षेच्या मागे होतो जिथे एका मार्काने माणूस बाहेर जातो.

कापड पार्सलने यावलला पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं, 'फोनचा कॅमेरा धरून बघा.' नानांनी आधी पेमेंटचं अ‍ॅप उघडून पाहिलं. ते चाललं नाही. आई टाके तपासत बसली आणि फोनवर म्हणाली, "मागची बाजू स्वच्छ ठेवली आहेस. पण नुसतं काळं काय रे? एखादं फूल तरी." दुसऱ्या दिवशी तिनेच कॅमेरा धरला. मग तिचा पुन्हा फोन आला.

"नानांनी वाचलं," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"तिकीट काढायला गेलेत."

नाना याआधी कधी दिल्लीला आले नव्हते. खोलीपर्यंतचे तीन मजले चढून आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "परीक्षेचं मला काही वाटलं नाही, योगेश. पण दर रविवारी मी विचारायचो आणि तू सांगायचास. मी ते शेजारी जाऊन सांगायचो. त्याचं वाटलं." मी त्यांच्या पायाशी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अनुजाने त्यांच्यासाठी ऑफिसचा पास काढून ठेवला होता. नानांनी चष्मा काढला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मी केलं होतं तसंच तेही वर-खाली, वर-खाली करत राहिले.

"ह्या एवढ्या सगळ्या पट्ट्या तपासतो कोण?"

"आधी मशीन. त्याला शंका आली की मी."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. "म्हणजे तूही मोजणीच करतोस," ते म्हणाले. त्यांच्या खात्यातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. मुनिरक्यावरून विमानं इतकी खालून जातात की पोटाखालची चाकं दिसतात. फोन विमानाकडे धरला की ते कुठून आलं, कुठे चाललं ते कळतं, हे मी नानांना दाखवलं. मग फोन त्यांनी सोडलाच नाही. "हे टोकियोचं," ते सांगायचे. "हे आपल्या नागपूरचं." काळोख पडेपर्यंत सत्तरीचा तो माणूस आकाशाकडे फोन रोखून उभा होता, आणि मी विमानांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होतो.

चौथ्या दिवशी त्यांना निजामुद्दीनला गाडीत बसवलं. आता खिडकीशी मी उभा होतो. इतकी वर्षं ते मला 'रूमवर पोचलास का' असं विचारत आले होते. गाडी सुटायच्या आधी ते म्हणाले, "इथून उशीर होईल तुला. घरी पोचलास की फोन कर."

मी मेट्रोने मुनिरक्याला आलो, जिना चढलो, कुलूप उघडलं आणि चपलाही न काढता फोन लावला. म्हटलं, "नाना, पोचलो घरी."

त्यांची गाडी तेव्हा मथुरेकडे धावत होती.