चेपणारीचं इंग्रजी

माझ्या आत्याने आणि मी मॅट्रिकची परीक्षा एकाच वर्षी दिली. मी सोळाची, ती तिशीला टेकलेली. विधवा होऊन ती आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत परत आली होती. मॅट्रिक झाली तर ट्रेनिंग घेऊन शाळेत शिकवणार होती. पण इंग्रजीने तिला दोनदा नापास केलं होतं, आणि ही शेवटची खेप, असं आजोबांनी बजावलं होतं.

आजोबा निवृत्त हेडक्लार्क. इंग्रजीचा अभिमान एवढा, की शिंकसुद्धा इंग्रजीत देतील असं वाटायचं. रोज संध्याकाळी ते खाटेवर आडवे व्हायचे, "चेप" म्हणायचे, आणि आत्या पाय चेपायला बसली की तिला स्पेलिंगं विचारायचे. चुकली की पाय झटकायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पण मीही काही कमी नव्हते. वर्गात माझा इंग्रजीत पहिला नंबर, त्यामुळे तिच्या चुका मी मैत्रिणींना रंगवून सांगत असे.

त्या सुमारास शेजारच्या नव्या सुनेने मुंबईहून शाम्पूची बाटली आणली. आम्ही सगळ्या शिकेकाईवाल्या. बाटली हातोहात हुंगली गेली. जरा भाव खावा म्हणून मी आजोबांचा जाडजूड कोश काढला. त्यात लिहिलं होतं, की शाम्पू हे मुळात क्रियापद, आणि डोकं धुण्याशी त्याचा आधी काही संबंध नव्हता. अर्थ होता अंग रगडणं, चेपणं. शब्द गेला होता इथूनच, हिंदीतल्या 'चांपो'वरून. चांपो, म्हणजे चेपा. कुणी साहेब आडवा पडून नोकराला फर्मावत असणार, आणि तो हुकूमच तिकडे शब्द होऊन बसला.

संध्याकाळी पाय चेपणं चालू असताना मी ऐटीत हे वाचून दाखवलं. आजोबा खूश झाले. आत्याचा हात मात्र त्यांच्या पोटरीवर थांबला.

"म्हणजे आडवं पडणाऱ्याचा शब्द विलायतेला गेला," ती म्हणाली, "आणि चेपणारी इथंच राहिली."

मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. दुसऱ्या दिवसापासून कोश स्वयंपाकघरात गेला. भाकरी थापता थापता ती आपल्याकडून गेलेले शब्द शोधून काढायची. लूटसुद्धा आपलीच निघाली. ही तर माहेरचीच माणसं, मी उगाच भीत होते, असं म्हणायची.

आम्ही दोघी पास झालो. इंग्रजीत तिला माझ्यापेक्षा सहा मार्क जास्त पडले, आणि मी तोंड फुगवून बसले.

संध्याकाळी आजोबा सवयीने आडवे झाले आणि म्हणाले, "चेप."

"आज माझेच पाय दुखतायत, अण्णा."

आजोबा सावकाश उठून बसले, खाटेवरून उतरले आणि तिला बसायला सांगून माझ्याकडे वळले.

"बघतेस काय? चेप."

तिचे तळवे किती खरखरीत आहेत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.