दोन सर्व्हर, एक नारळ

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात सर्व्हरवर प्रत्येकाला जागा हाताने काढून द्यावी लागे. ते आपोआप व्हावं म्हणून मी प्रोग्राम लिहिला. मागितली की जागा मिळे, आणि तिथल्या प्रत्येक फाइलची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर उमटे. एक गेला तरी दुसऱ्यावर काम चालावं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. दुसरा खेडच्या शाखेत ठेवा, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. साहेब म्हणाले, "तिकडे एसी कुठाय? राहू देत इथंच." एकाच खोलीत, एकाच नारळावर साहेबांनी दोघांची पूजा उरकली.

इमारतीवर वीज पडली. दोन्ही एकदम जळाले.

नवे दोन आले, त्याच खोलीत बसले. या वेळी नारळ साहेबांनी मला फोडायला लावला. फोडला.